समोरची भिंत गुणिले चार

रविवार, १० सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढायचं.

वेंडेलची नोकरी सोडली. वेंडेल म्हणजे लोर्नाचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा, आणि सरोवराकाठच्या आमच्या डुलुथ गावातला सर्वांत संथ साइडिंगवाला. घराच्या बाहेरच्या भिंतींवरची जुनी आवरणं काढायची आणि नवी ठोकायची, एवढाच धंदा. पण हा गृहस्थ भाव सांगण्याआधी टेप घेऊन घराभोवती तीन प्रदक्षिणा घालतो. मग स्वयंपाकघरात बसून आकडेमोड. आणि कॉफी विचारली की पहिल्याच वेळी 'हो' म्हणतो! आपल्याकडे दोनदा 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लोर्नाच्या माहेरचं वळण आहे म्हणून मी बोलत नाही.

मला टेप लागत नाही. मला नजर आहे.

लोर्नाने ट्रकच्या दारावर स्वतः ब्रशने नाव रंगवलं : नुर्मी साइडिंग. जिभेचं टोक बाहेर काढून एकेक अक्षर. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव माझ्या हातापेक्षा लांब दिसलं. डोळे भरून आले. रंगाचा वास असणार.

ब्रश धुताना ती म्हणाली, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडेपर्यंत बघू. एक काम, फक्त एक, नफ्यात करून दाखव. नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी सकाळी निमूट दादाच्या यार्डात. मी म्हटलं, एक कशाला, पाच करतो.

मंगळवार, १२ सप्टेंबर

पद्धत पक्की. गाडी रस्त्यावर उभी करायची. शक्यतो उतरायचं नाही. समोरची भिंत नजरेने मापायची. गुणिले चार, कारण घराला बाजू चार. वर दहा टक्के तुटफूट. खिडक्यांची जागा वजा करायची नाही, त्यातच आपली भाकरी. संपलं.

लोर्नाने विचारलं, आणि मागची बाजू? मी म्हटलं, मागची बाजू म्हणजे पुढचीच, पाठमोरी. ती उठून भांडी घासायला लागली. पटलं असावं.

शनिवार, १६ सप्टेंबर

पहिलं गिऱ्हाईक! मिसेस ओडेगार्ड. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत मला शिकवायच्या. आता एकट्याच असतात. टेकडीवर, वरच्या रस्त्याला लागून घर. बुटकं, एकमजली, दोन्ही बाजूंना स्प्रूसची दाट झाडं. बसल्या जागी माप घेतलं. नजर सणसणीत चालली.

बाई बाहेर आल्या म्हणून नाइलाजाने काच खाली केली. म्हणाल्या, लायल, जरा मागच्या बाजूला येऊन जा ना. मला हसू आलं. आपल्या लोकांत पाहुणा मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येतो. म्हणजे कॉफी. मी रीतसर म्हटलं, नको नको, कशाला त्रास. त्या म्हणाल्या, त्रास कसला, बघून तर जा. म्हणजे वड्यासुद्धा, लिंबाच्या, बघण्यासारख्या. मी पुन्हा रीतसर 'नको' म्हटलं आणि गाडीचं दार थोडं उघडून ठेवलं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही! 'बरं तर' म्हणाल्या आणि आत गेल्या. माणसं म्हातारपणी चिक्कू होतात, त्याला इलाज नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, सगळ्या मंडळींसमोर भाव सांगितला : अकरा हजार आठशे डॉलर, मालमजुरीसकट, एक सेंटही वर नाही. मिसेस ओडेगार्ड जरा चाचरल्या. म्हणाल्या, लायल, सगळं घर धरलंस ना? मी म्हटलं, बाई, चारी बाजू. त्या म्हणाल्या, हा भाव वेगळाच आहे. मी थँक्यू म्हटलं. हातात हात दिला. पाद्रीसुद्धा साक्षीला. आता त्यांनी मागे फिरायची सोय ठेवली नाही मी!

वेंडेल कोपऱ्यात ओव्हनमध्ये भाजलेलं बटाटा-खिम्याचं हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेत होता. जवळ येऊन म्हणाला, भाऊजी, ते घर आतून बाहेरून बघितलंस का, की उंटावरून शेळ्या हाकल्यास? पोटात दुखतंय त्याच्या. दोनदा वाढून घेतल्यावर दुखणारच.

लोर्ना गाडीत म्हणाली, आपल्याकडे 'वेगळंच आहे' कशाला म्हणतात माहीत आहे ना तुला? मी म्हटलं, इतर लोक वाईटाला म्हणतात. शिक्षकाचं तसं नसतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

माल आला. समोरच्या भिंतीच्या बरोब्बर चौपट, वर दहा टक्के. हाताखाली टॉइव्हो. टॉइव्हो दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यांतली दोन हवामानाची. मला असाच माणूस हवा होता.

समोरची भिंत संध्याकाळच्या आत पूर्ण. फिकट निळा रंग. रस्त्यावरून कुत्र्याला फिरवणारा एकजण थांबून बघून गेला. नफा आजच दिसायला लागला.

मंगळवार, १० ऑक्टोबर

शिडी घेऊन झाडांमधून मागे गेलो.

मागे जमीन नाही.

म्हणजे आहे, पण खाली. घर वरच्या रस्त्यावरून एकमजली आहे आणि मागे सरोवराच्या बाजूला तीनमजली. टेकडीवरून खाली उतरत गेलंय. बाजूच्या भिंतीही उताराबरोबर खाली लांबत गेल्यात. स्प्रूसच्या मागे हे सगळं लपवून ठेवलेलं. टॉइव्होने खाली बघितलं, शिडीकडे बघितलं आणि म्हणाला, शिडी लहान पडेल.

फसवणूक! मिसेस ओडेगार्ड स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. मी म्हटलं, बाई, मागे इतकं घर आहे हे बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, दोनदा बोलावलं की रे. तू नको म्हणालास. मला वाटलं, तुला माहीतच असेल, इथेच लहानाचा मोठा झालास. तिसऱ्यांदा कसं म्हणणार, तुला शिकवते आहे असं वाटलं असतं.

मी शिडी उचलली.

लोर्नाला सांगितलं नाही. झाकली मूठ.

बुधवार, ११ ऑक्टोबर

शांत डोक्याने विचार केला. संकट नाही, संधी आहे. जुनी साइडिंग चारी बाजूंनी एकदम उतरवून टाकायची. काम अर्ध्यावर गेलेलं दिसलं की माल आपोआप जुळतो, असा माझा अनुभव आहे. (अनुभव नाही, पण असणार.) लांब शिड्या भाड्याने आणल्या. टॉइव्होने विचारलं, सगळी उतरवून मग वर काय लावायचं? आजचं त्याचं चौथं वाक्य हेच होतं, त्यामुळे वाद वाढला नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर

माल संपला. समोर पूर्ण, दोन्ही बाजूंना निम्म्यावर, मागे फक्त वरचा मजला. खालचे दोन मजले पांढऱ्या कागदात गुंडाळलेत. साइडिंगच्या आत असतो तोच कागद. त्यावर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत. सरोवरातल्या जहाजांवरून वाचता येईल. जाहिरात चांगली, पण नाव दुसऱ्याचं.

निश्चय : उद्या बाईंना स्पष्ट सांगायचं, भाव वाढवावा लागेल. वाक्यं पाठ केली.

रविवार, १५ ऑक्टोबर

गेलो. त्यांनी लिंबाच्या वड्या पुढे केल्या. तोंडात वडी असताना पैशाचं बोलू नये.

रविवार, २२ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. बाई स्वयंपाकघरात कोट घालून बसल्या होत्या. म्हाताऱ्या बायकांना कोटांची हौस असते. म्हणाल्या, काही नाही रे, जरा वारा लागतो, पण काही वाईट नाही. टोपीही घातली होती. निघताना म्हणाल्या, लायल, बर्फाच्या आधी होईल ना? मी म्हटलं, म्हणजे काय, दिलाय ना शब्द.

वाक्यं पाठ होती. एकही निघालं नाही. घरी आल्यावर हॉटडिश गेलं नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर

सरोवरावरून वारा सुटला. सकाळी मंडळींबरोबर सौनामध्ये, तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत बसलो होतो, तिथेही तोच विषय. अख्ख्या उताराला फडफड ऐकू येते आहे म्हणे. कागद एका बाजूने सुटलाय. मी म्हटलं, हवा खेळती राहिली पाहिजे, लाकडाला चांगलं. कोणीतरी दगडांवर आणखी पाणी ओतलं.

दुपारी जाऊन कागद खिळ्यांनी ठोकला. संध्याकाळी दुसऱ्या बाजूने सुटला.

निश्चय : सोमवारी कर्जावर माल आणायचा, टॉइव्होला दुप्पट मजुरी, पाच दिवसांत काम खलास. नफा थोडा कमी होईल. शून्याच्या थोडा खाली.

गुरुवार, २ नोव्हेंबर

कर्ज मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, नुर्मी, मनात आणलं तर बघता येईल. म्हणजे नाही. एवढं मलाही कळतं.

टॉइव्होला फोन केला. तो जंगलातल्या झोपडीवर पोचलाय. शनिवारी शिकार उघडते. या जिल्ह्यात आता दोन आठवडे खिळा ठोकायला माणूस मिळणार नाही. माझ्या नजरेतून हेच तेवढं सुटलं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

लोर्ना मिसेस ओडेगार्डकडे सूप घेऊन गेली होती. परत आली ती दारातच उभी राहिली. कोट काढला नाही. म्हणाली, त्या बाई ओव्हनचं दार उघडून त्यासमोर बसल्यात, लायल. ओव्हनच्या समोर! आणि तुला कसं वाटेल म्हणून मला सांगत होत्या की केक भाजतेय. केक नव्हता.

मी नजरेबद्दल, उताराबद्दल, झाडांबद्दल सांगायला लागलो. ती म्हणाली, अख्खं गाव उतारावर आहे. चाळीस वर्षं इथे राहतोस. रोज गाडी उभी करताना हँडब्रेक लावतोस तो कशासाठी?

लाज वाटली. खूप वाटली. इथे लिहिली, आता ती इथेच राहू दे.

मग तिने फोन उचलला. दादा म्हणाली तेव्हाच मला कळलं कोणाला केलाय ते.

शनिवार, ४ नोव्हेंबर

वेंडेल आला. शिकारीच्या पहिल्या दिवशी! गावात असं कोणी केल्याचं ऐकिवात नाही. नारिंगी शिकारी जाकीट अंगावरच होतं. आधी त्याने ताडपत्र्या आणून खालचे दोन मजले घट्ट बंद केले. मी खालून सूचना दिल्या. त्याला ऐकू जात नव्हतं.

मग अटी. माल तो घालणार, माणसं तो आणणार, बाईंकडून ठरल्यापेक्षा एक सेंट जास्त घ्यायचा नाही. बदल्यात मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्याकडे, कमी पगारात. आणि भाऊजी, म्हणाला, भाव तू सांगायचा नाहीस. कोणालाही. विचारलं तरी. मी म्हटलं, अनुभवी माणसाची नजर वाया घालवतो आहेस. तो म्हणाला, नजर घरी ठेव, हातमोजे घेऊन ये.

लोर्नाने ट्रकच्या दारावर वेंडेलच्या कंपनीची चुंबकाची पाटी लावली. तिने रंगवलेलं नाव खरवडायला मी खरवडणीसुद्धा आणून ठेवली होती. तिने ती परत खणात ठेवली. म्हणाली, असू दे खाली. पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी आत निघून गेलो.

सोमवार, ६ नोव्हेंबर

सकाळी निमूट दादाच्या यार्डात. तिथून मिसेस ओडेगार्डकडे, मागच्या बाजूला, माप घ्यायला. वेंडेलने टेपचं टोक माझ्या हातात दिलं. आकडे असतात ती बाजू त्याच्याकडे. मी टोक भिंतीच्या कोपऱ्याला धरून उभा राहायचं. धरायलाही कौशल्य लागतं. दर वेळी तो विचारायचा, धरलंस? मी म्हणायचो, धरलंय.

खालच्या मजल्याचं मागचं दार उघडलं. बाई. कोट, टोपी. वेंडेल, कॉफी घेतोस? वेंडेल म्हणाला, हो. पहिल्याच वेळी! टेप तसाच जमिनीवर ठेवला, बूट झटकले आणि गेला आत.

लायल, तू रे? मी म्हटलं, नको नको, कशाला त्रास. त्या म्हणाल्या, अरे ये, लिंबाच्या वड्या आहेत. आतून वास येत होता. आज खरंच ओव्हनमध्ये काहीतरी होतं. मी म्हटलं, नको हो, खरंच नको.

दार उघडं राहिलं की घरात वारा शिरतो. त्यांनी ते लावून घेतलं.

तिसऱ्यांदा विचारतील म्हणून मी टेपचं टोक धरून तिथेच उभा राहिलो.