पल्लवीचं ‘हो आई’

५ डिसेंबर
काल पल्लवीला दवाखान्यातून घरी आणलं. मुलगी झाली. दोघी ठीक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं ठरलंही होतं. पण तिची आई तिकडं पिंपळगाव रेणुकाईला जिन्यावरून घसरली. पाय प्लॅस्टरमध्ये. विहीणबाईंचंच कुणी करायचं अशी गत, लेकीचं कुठून करतील? म्हणून बाळंतपण माझ्या गळ्यात.
गळ्यात असं लिहिलं खरं, पण मला आनंद झालाय. मला लेक नाही. एकदा तरी हे सगळं आपल्या हातानं करायचं होतं.
आमचा सचिन आज परत जालन्याला गेला, कारखान्यात सुट्टी मिळेना. मी बाळंतिणीपाशी, म्हणून पिठाची गिरणी आता ह्यांच्याकडे. जाडं-बारीक ह्यांना कळत नाही, बाया ओरडतील. ओरडू देत.

७ डिसेंबर
डिंक, खारीक, गोडंबी, बदाम, खोबरं. खारीक मिक्सरवर होईना म्हणून ह्यांची नजर चुकवून गिरणीत टाकली. मागून आलेल्या बाईची ज्वारी गोड लागली, ती भांडून गेली. हे माझ्यावर चिडले. लाडू मात्र झाले.
पल्लवीनं समोर बसून दोन खाल्ले. “छान झालेत आई.”
शांताबाई येते, मायलेकींना चोळून न्हाऊ घालते. मग बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. “लई गरम होतंय का गं?” “न्हाई आई.” “अजून थोडी बसशील?” “हो आई.”
शांताबाई म्हणते, “अशी बाळंतीण न्हाई पाह्यली वैनी. कुरकूर न्हाई, काही न्हाई. नशीब काढलं तुम्ही.” हे मी आज तीन घरी सांगितलं.

१० डिसेंबर
बाळ फार रडतंय. पाजलं की तेवढ्यापुरतं गप्प, की परत सुरू. पल्लवी भिंतीकडं तोंड करून, पदर घेऊन पाजते. वळण चांगलंय पोरीला, आजकालच्या मुली कुठं एवढं पाळतात.
माझ्या मते दूध कमी पडतंय. अळिवाची खीर सुरू केली. शतावरी दुधातून. शेपूची भाजी, लसूण, बाजरीची भाकर. एक वाटी झाली की दुसरी.
“घेशील अजून?”
“हो आई.”

१२ डिसेंबर
सचिनचा फोन. म्हणे, पल्लवी नीट बोलत न्हाई, आवाज कसातरी येऊन राह्यला. म्हटलं, अरे बाळंतीण आहे ती, थकणार नाही का? तू तुझं काम कर.
खीर दोन वेळा केली.

१४ डिसेंबर
दुपारी भाकरी करत होते, विहीणबाईंचा फोन. त्या मला कधी एकटीला फोन करत नाहीत.
“ताई, एक बोलू का? राग धरू नका. पल्लीनं सांगू नको म्हणलंय. पण तिची उजवी बाजू लई दुखून राह्यली. छातीत गाठ झाली. ताप पण येऊन राह्यला. काल रडत होती फोनवर.”
तव्यावरची भाकर जळली.
आधी राग आला. खोटं कशाला लिहू. माझ्या घरातलं, माझ्या बाजेवरच्या बाळंतिणीचं, मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकावरून कळावं, तेही प्लॅस्टर घालून पडलेल्या बाईकडून. मी काय वाघ आहे का?
खोलीत गेले. कपाळाला हात लावला. तापलेलं. बाळाचं कपाळ मी दिवसातून दहादा बघते, हिचं एकदाही बघितलं नव्हतं.
“दाखव,” म्हटलं. ती भिंतीकडं बघत राहिली. मग दाखवलं. लालभडक, हात लावला तर दगड. त्या बाजूनं पाजणंच बंद केलेलं. म्हणून पोरगी उपाशी, म्हणून रडणं.
“अगं, मला का नाही सांगितलं?”
“तुम्ही एवढं करून राह्यल्या आई. मंग कसं म्हणू तुम्हाला.”
शेजारच्यांची गाडी सांगून ठेवली आहे, सकाळी अंबडला.

१५ डिसेंबर
बाई डॉक्टर. तरुण आहे, भरभर बोलते. कधीपासून दुखतंय विचारलं. पल्लवीनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं. ते डॉक्टरीणबाईंनीही बघितलं. “आजी, तुम्ही बाळाला घेऊन जरा बाहेर बसा.”
बसले बाहेर बाकावर. आत ती काय बोलली मला माहीत नाही. बराच वेळ बोलली. आमच्या घरात आल्यापासून एवढं बोलताना मी तरी तिला ऐकलं नाही.
मग मला आत बोलावलं. दूध साचून गाठ झाली आहे, आत पू धरायला लागलाय का ते दोन-तीन दिवसांत कळेल. गोळ्या दिल्या. उतरलं नाही तर जालन्याला नेऊन चिरा द्यावा लागेल. त्या बाजूनं पाजायचं थांबवू नका. दाबून चोळू नका. शेगडी बंद, गार कपडा ठेवा. पाणी तहान लागेल तेवढं प्यायला द्या.
खायला काय देता, विचारलं. मी सगळं सांगितलं, थोडं अभिमानानंच.
“आजी, दूध कमी नव्हतं. अडलं होतं. तुम्ही वरून अजून वाढवत होता.”
म्हणजे मी भरत होते आणि ती मुकाट्यानं भरून घेत होती. प्रत्येक वाटीनं दुखणं वाढत असणार. आणि प्रत्येक वाटीला हो आई.
येताना गाडीत बोलले नाही. तिला वाटलं असेल मी चिडले. चिडले होतेच, पण तिच्यावर नाही.

१६ डिसेंबर
ताप कमी-जास्त. गाठ तशीच. चिरा द्यायची वेळ येऊ नये. एवढंसं अंग तिचं.
सकाळी तिला समोर बसवून सांगितलं, “हे बघ, नकोसं वाटलं तर नको म्हणायचं. दुखलं तर दुखतंय म्हणायचं. मी तुझ्या आईच्या जागी आहे ना?”
म्हणाली, “हो आई.”
ह्यांना सांगितलं तर गिरणीत पट्टा चालू असताना खाली बसून हसले. म्हणाले, “तू सांगितलंस म्हणजे तिनं ऐकलंच पाहिजे. ऐकलं.” मला हसू आलं नाही.

१७ डिसेंबर
सचिन आला. बाजेच्या कडेला बसून राहिला, बाळाला घ्यायची भीती वाटते त्याला. मी मुद्दाम गिरणीवर जाऊन बसले. दोघांना बोलू देत.
दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. एरवी मी फोन धरून मध्येच बसायचे, हे दाखव, ते दाखव. आज फोन तिच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं. अंगणात भांडी घासली, मुद्दाम आपटून आपटून. मी लांब आहे हे तिला कळावं म्हणून. आत काय चाललंय ते ऐकावंसं वाटत होतं, ते वाटायचं काही थांबलं नाही.

१९ डिसेंबर
गाठ मऊ लागते. ताप नाही. अंबडला दाखवून आलो, चिरा टळला बहुतेक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून लक्ष ठेवा, परत होऊ शकतं. आज त्यांनी विचारल्यावर पल्लवीनं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं.
देवापुढं साखर ठेवली.

२० डिसेंबर
शांताबाईला पाच-सहा दिवस बंद ठेवलं होतं, आज आली. सवयीनं जोरात चोळायला लागली, हात खांद्यावरून पुढं आला. आतून बारीक आवाज, “तिथं नको, मावशी.”
शांताबाईनं दारातून माझ्याकडं बघितलं. “वैनी, काय करू?”
“नको म्हणाली ना ती.”
शांताबाई पाय चोळायला बसली. जाताना म्हणाली, पोरगी जरा बोलायला लागली. तिला ते फारसं आवडलं नसावं. मी आज कुणाच्या घरी गेले नाही.

२२ डिसेंबर
लिहून ठेवते. सकाळी वाटीत लाडू घेऊन गेले. अळीव, शतावरी बंद केली, लाडू मात्र रोज एक चालूच होता. पल्लवीनं वाटी घेतली नाही.
“आई, लाडू नको.”
“बरं. दुपारी खा.”
“दुपारी पण नको. मला त्याचा वासच सहन व्हईना. पहिल्या दिवसापासून.”
लागलं मला. आपणच सांगायचं नको म्हण आणि आपल्यालाच लागायचं. बदाम मी एकेक निवडून घेतले होते. ह्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या खारकेपायी.
“मग काय खाशील?”
मला वाटलं झालं, आता परत हो आई. तर म्हणाली, “ठेचा. ज्वारीची भाकर आन् ठेचा.”
बाळंतिणीला ठेचा. माझ्या सासूनं ऐकलं असतं तर गाव डोक्यावर घेतलं असतं. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या थोडा द्या, काही होत नाही. बोटभर दिला. डोळ्यात पाणी आलं तिच्या, नाक ओढत ओढत खाल्लं. भाकर पूर्ण संपवली, आल्यापासून पहिल्यांदा मी आग्रह न करता.
तो लाडू मी गिरणीवर नेऊन खाल्ला. गूळ जास्तच झाला होता. रडूही आलं थोडं. तोंडावरच्या पिठात कुणाला दिसत नाही.

२५ डिसेंबर
विहीणबाईंचं प्लॅस्टर निघालं. काठी घेऊन चालतात. आता लेकीला घेऊन जाते म्हणतात, रविवारी गाडी घेऊन येणार. “ताई, तुम्ही माझ्या वाटचं केलं. आता थोडे दिस मला करू द्या.” बरोबर आहे त्यांचं. हक्क आहे. सचिन म्हणतो, आई तू ठरव. हे म्हणतात, जाऊ दे, तुझी पण पाठ दुखून राह्यली.
सगळे मला विचारतात.
म्हणून संध्याकाळी तिच्याकडं गेले. ती पाजत होती, उजव्या बाजूनं. भिंतीकडं पाठ होती, तोंड दाराकडं. हे कधीपासून, माझ्या लक्षातच आलं नाही.
“तुझी आई रविवारी येणार. जायचंय का तुला? मला काय वाटेल ते सोड.”
जाऊ नये असं मला वाटतं. ते मी बोलले नाही. चेहऱ्यावर आलं असलं तर माहीत नाही.
तिनं हो आई म्हटलं नाही. नको पण म्हटलं नाही. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, “उद्या सांगते.”
“सांग,” म्हटलं.
दोरीवरची दुपटी, झबली वाळली होती. अर्धी घडी करून पिशवीत भरली. अर्धी फडताळात ठेवली.