माझ्यासाठी आणलेली फुलं

चि. कुशल,

आशीर्वाद अर्धाच देऊन राहिली, बाकीचा ठेवून घेतला.

धरमपेठेतल्या औषधवाल्या शेठले तू नोकरीले येतो म्हणून कबूल केलं, आणि मग पुण्याची मोठी नोकरी धरली. धरली तर धरली. पण त्यांले कळवलं काय, तर आजी वारली म्हणून येत नाही.

काल ते घरी आले. मी दारात तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. चपला काढून त्यांनी पांढरी शेवंती माझ्याच हातात दिली. म्हणे, "आजी कधी गेल्या?"

"कोणाची आजी गा?"

"कुशलची."

मले तुझी किळस आली. त्याहून जास्त माझी आली, कारण मी म्हटलं, "सोमवारी गेली. मी तिची बहीण." चहा घेऊन आलेली तुझी बहीण भारती कप घेऊन तशीच आत फिरली.

जाताना शेठ म्हणाले, "पोराले सावरू द्या. त्याची जागा मी ठेवली आहे."

तेव्हापासून त्या शेवंतीच्या वासानं मले घास उतरत नाही.

भारती हे लिहून राहिली आणि विचारते, धाडू काय? आज नको, मी धरमपेठेतून परत आल्यावर धाड म्हटलं. तुले अगोदर कळलं तर तू शेठपाशी माझी बहीणही मारशील. उद्या आटोत बसून मीच धरमपेठेत जाते. कुशलची आजी आली म्हणते, जागा दुसऱ्या पोराले द्या म्हणते. मग शेठ बोलतील ते उभ्यानं ऐकते.

उद्यापर्यंत मेलेली,
तुझी आजी मीराबाई