शेवट मराठीत सांगायचा

नाना, परवा इथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला मला पाच मिनिटं बोलायला उभं केलं होतं. विषय होता, गेल्या काही वर्षांतला तुमचा आवडता सिनेमा कोणता आणि का. ‘गेल्या काही वर्षांतला’ ही अट आमच्या अध्यक्षांनी मुद्दाम घातली. बँकेतून निवृत्त होऊन इथेच मानसरोवर कॉलनीत घर बांधून राहिलेले गृहस्थ. म्हणाले, “जुन्यातला निवडायला सांगितला तर सगळे तिथेच जाऊन बसतील, तिळगूळ वाटायला कोणी परत यायचं नाही.” मला त्यांनी बरंच आधी सांगून ठेवलं होतं, कारण सिनेमाच्या बाबतीत इथे माझा शब्द मानतात. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी लोकांचे बंद पडलेले रेडिओ पोत्यावर मांडून बसलेला असायचो आणि तुम्ही आईला विचारायचात, ह्याचं पुढे काय. ह्याचं पुढे बरं झालं, नाना. कॉलेज सुटलं ते सुटलंच, पण अ‍ॅम्प्लिफायर मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो. आज विद्याधर नगरपासून थेट शहराबाहेरच्या बस्सीपर्यंत लग्नांना माझे स्पीकर जातात, आणि माझ्या मांडवात माइकने शिट्टी मारली असं कोणी म्हणून दाखवावं. सिनेमाही तसाच शिकलो. आवडलेला सिनेमा पुन्हा लावायचा आणि डोळे मिटून नुसता ऐकायचा. आवाज खोटा असला की कान लगेच सांगतो. आणि शेवटी जी नावं येतात ती वाचून संपल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही. झाडूवाला भैया माझ्या पायाशी येऊन थांबतो, म्हणतो, “उठिए भाईसाहब, अब तो मशीनवाला भी चला गया,” तेव्हा उठतो.

ही सवय तुमच्यामुळे लागली, म्हणजे तुमच्या उलट वागण्याच्या हट्टातून. आपण एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. भुसावळहून बदली होऊन ह्या हिंदी मुलखात आलेलं आपलं घर, तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, आणि पगार झाला की त्या रविवारी सिनेमा. दुपारचा खेळ. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालता, आई निळी साडी नेसते, ताई आणि मी स्कूटरवर कुठे बसायचं यावरून भांडतो. मी पुढे उभा, ताई तुमच्या आणि आईच्या मधे दाबलेली. सिनेमा रंगात येतो, खलनायक बंगल्यात शिरतो, नायकाची आई देवासमोर उभी राहते, आणि नेमकी तेव्हा माझ्या गुडघ्यावर तुमची दोन बोटं पडतात. “चला.” मागचे लोक ओरडतात, “अरे बाबूजी, बैठ जाओ, अभी तो असली चीज बाकी है.” तुम्ही अगदी नम्रपणे म्हणता, “स्कूटर निकालनी है जी,” आणि आपण चौघं वाकून, कुणाच्या तरी पायांवरून, अंधारातून बाहेर.

गर्दीत स्कूटर अडकते, हे तुमचं कारण. मी ते कितीतरी वर्षं खरं मानलं. तुम्ही गेल्यावर एकदा आई कणीक मळता मळता हसायला लागली आणि म्हणाली, “गर्दी कसली रे. ती स्कूटर सरळ सुरू व्हायची का कधी? एका अंगावर झोपवायची, मग किका मारायच्या, मग पुन्हा झोपवायची. एवढा इस्त्रीचा शर्ट घालून ते सगळ्या थेटरासमोर करायला लाजायचे तुझे नाना.” मीही हसलो. मग मला ते रिकामं स्टँड दिसलं, स्कूटर आडवी धरलेले तुम्ही, आणि पाठ फिरवून उभा राहिलेला तो स्टँडवाला. तुमच्याकडे बघायचं नाही, एवढी रीत त्याला कळत होती.

पण खरा सिनेमा तर तिथून पुढे सुरू व्हायचा. परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, दरवाजाबाहेर तो कचोरीवाला, कांद्याची कचोरी, वर आंबटगोड चटणी, आणि तुमचा नियम. ज्याला कचोरी हवी त्याने शेवट सांगायचा. आणि मराठीत सांगायचा. सिनेमा हिंदी, शाळा हिंदी, गल्लीत हिंदी, ताईचं आणि माझं भांडणसुद्धा हिंदीत, पण शेवट मराठीत. ‘मतलब’ म्हटलं की तुम्ही कचोरीची बशी मागे ओढायचात. “मतलब नाही. म्हणजे. पुन्हा सांग.” ताईच्या शेवटात खलनायकाला पश्चात्ताप व्हायचा, माझ्या शेवटात त्याची जीप पेटायची, आणि आईच्या शेवटात नेहमी, सिनेमा कुठलाही असो, सगळी माणसं हातपाय धुऊन जेवायला बसायची. खलनायकसुद्धा. “तो कुठे जाईल बिचारा,” आई म्हणायची. तुम्ही सगळ्यांचं ऐकायचात, चटणीचं बोट चाटायचात आणि निकाल द्यायचात. वाईट असला तर “हं.” चांगला असला तर “चालेल.” ‘चालेल’च्या वर तुमच्याकडे काही नव्हतं. शाळेत पोरं खरा शेवट सांगायची तर मी त्यांच्याशी वाद घालायचो. आमचा शेवट जास्त बरा आहे, असं मी छातीठोकपणे सांगायचो, आणि आजही माझं तेच मत आहे.

आता अलीकडचं सांगतो. दिवाळीनंतर एक सिनेमा आला, छोटासा, नाव ऐकलेलं एकही माणूस त्यात नाही. मी, तुमची सून आणि तुमची नात, तिघं गेलो. नात तुम्ही पाहिली नाहीत. बावीसची आहे, नोकरीला लागली आहे, माझ्याहून उंच. मराठी तिला सगळी कळते, पण मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर देते, आणि फारच लाडात आली तर म्हणते, “बाबा, मी आली ना.” हिची आई रागावते, मी गप्प बसतो, कारण माझ्याकडे तुमच्यासारखी बशी नाही.

सिनेमा असा. एका गावात साठीची एक बाई आहे, विधवा, जन्मभर विहिरीवरून पाणी भरलेलं, पण विहिरीत कधी उतरलेली नाही. आता घरी नळ आला, विहिरीवर कोणी जात नाही, आणि हिने ठरवलं की आता आपण पोहायला शिकायचं. एवढंच. मुलगा चिडतो, सून आधी हसते आणि मग गुपचूप शिकवायला लागते. आता मला तो का आवडला ते सांगतो, आणि ह्यात मी कुणाचं ऐकणार नाही. त्या विहिरीचा आवाज खरा आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला आहे, सून वरून हाक मारते, तर आवाज जरा थांबून, पोकळ होऊन परत येतो. पाऊस होऊन पाणी चढतं, आणि तीच हाक आता लगेच परत येते, जवळची, भरलेली. कोणी त्यावर बोलत नाही, पाणी किती चढलं ते दाखवतसुद्धा नाहीत, कानाला कळतं. असं काम करायला माणूस दोन ऋतू विहिरीवर माइक घेऊन बसलेला असणार. दुसरं, त्या बाईच्या हातात बांगड्या आहेत, त्या पाण्यावर एका तऱ्हेने वाजतात आणि पाण्याखाली दुसऱ्या. मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसलो होतो. शेवटी सगळं गाव विहिरीवर जमतं, मुलगाही येऊन कोपऱ्यात उभा राहतो, बाई वरच्या पायरीवर येते, पदर खोचते. आणि माझ्या गुडघ्यावर दोन बोटं पडली.

“बाबा, चला.”

मी म्हटलं, “काय झालं? बरं नाही का?”

“स्कूटर निकालनी है जी,” ती म्हणाली, अगदी तुमच्या चालीत, जी मी तिला लहानपणापासून करून दाखवली होती. आमची गाडी खाली तळघरात, किल्लीचं बटण दाबलं की सुरू होणारी. मी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आवाज कुणी केला त्याचं नाव मला वाचायचं होतं. तुमची सून आधीच पर्स घेऊन उभी होती, म्हणजे दोघींचं ठरलेलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, “अंकलजी, बैठो या निकलो.” मी निघालो, नाना. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा.

कचोरीवाल्याचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. मी बशी माझ्याकडे धरली आणि नियम सांगितला. तुमच्या सुनेने सगळ्या गावाला विहिरीत उडी मारायला लावली. मी म्हटलं, हं. मग पोरगी सुरू झाली. “ती बाई ना... ती उडी नाही मारते. मारत. मारत नाही. मतलब...” मी बशी मागे ओढली. ती हसली, डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली. म्हणजे, ती बाई एक एक पायरी उतरते, जसं आपण थंड पाण्यात उतरतो तसं. पाणी कमरेला येतं. गाव वर गप्प. ती शेवटच्या पायरीवर बसते, पाण्यात हात फिरवते आणि वर बघून म्हणते, “तुम्ही सगळे जा घरी, पोळ्या झाकून ठेवल्या आहेत, जेवून घ्या. मी येते मागून.” आणि सगळे खरंच जातात. आणि मग, एकटी असताना, ती पोहते. ते आपल्याला दिसत नाही. तिने अडखळत, थांबत, शब्द माझ्या तोंडाकडे बघून शोधत हे सांगितलं. एवढं मराठी ती माझ्याशी आजवर सलग बोलली नव्हती. आणि त्यात आईच्या पोळ्या कुठून आल्या, आईला तर तिने फोटोतच पाहिलंय. मी काय म्हणणार होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. फक्त ते म्हणायच्या आधी मला पाणी प्यावं लागलं.

तर परवा मंडळात अडचण अशी होती, की माझ्याकडे भाषणासाठी दुसरा सिनेमा तयार होता. मोठा, युद्धाचा, ज्याच्या आवाजावर मी तासभर बोलू शकतो. विहिरीचा सांगायचा तर शेवट पाहिलेला नाही हे सांगावं लागणार, आणि इथे माझी जी काही पत आहे ती शेवटच्या नावापर्यंत बसणारा म्हणून आहे. अध्यक्षांनी ओळख तशीच करून दिली. “हे शेवटची नावांची पाटी संपेपर्यंत हलत नाहीत.” वर गच्च्यांवरून पतंग काटणारी पोरं ‘वो काटा’ ओरडत होती, समोर लेक बसली होती, मोबाइल खाली ठेवून. मी माइक हातात घेतला, तोंडापासून योग्य अंतरावर धरला, जे इथे मी सोडून कोणालाही जमत नाही, आणि विहिरीचा सिनेमा सांगितला. पायरीपर्यंत आणून थांबलो.

“पुढे?” विम्यात असलेले एक काका म्हणाले.

“पुढचं मी पाहिलेलं नाही. उठून आलो.”

मग अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही? आणि उठून आलात?”

“आमच्याकडे तशी रीत आहे,” मी म्हटलं, आणि तुमचं सगळं सांगितलं. स्कूटर झोपवण्यासकट, माफ करा. आणि कचोरी नव्हती म्हणून तिळगुळाचं ताट माझ्याकडे ओढून घेतलं. पुढे काय झालं ते लिहिताना मला आत्ताही हसू येतंय. विम्याच्या काकांनी त्या बाईला नदीपर्यंत पोहत नेलं. त्यांच्या बायको म्हणाल्या, “अहो, ती विहीर आहे.” कॉलेजातलं एक पोरगं, जे दरवर्षी आईवडिलांच्या धाकाने येऊन कोपऱ्यात बसतं, उठून म्हणालं, “तिचा मुलगा पण... पण नाही, मुलगासुद्धा घाबरतो पाण्याला, म्हणून चिडत होता.” मी त्याला दोन वड्या दिल्या. अध्यक्षांनी स्वतः शेवट सांगितला आणि त्यात ‘मतलब’ आलं, तर सगळी सभा एका आवाजात म्हणाली, “म्हणजे!” माझे कान तयार आहेत म्हणून सांगतो, त्या आवाजात माझ्या लेकीचा सगळ्यात मोठा होता.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्या दुकानातच राहील, सुट्या वायरींच्या डब्यात. म्हणून एक सांगून टाकतो. तो सिनेमा आता घरी टीव्हीवर आला आहे. लेक म्हणाली, “बाबा, देखना मत, प्रॉमिस.” मी हो म्हटलं. काल दुपारी घरी कोणी नव्हतं. मी तो शेवटाला नेला, हेडफोन लावला आणि डोळे मिटले. पाहिलं नाही, नाना, शब्द मोडलेला नाही. बांगड्या वाजल्या, गाव गप्प झालं आणि मग धपकन आवाज आला, एकदम खरा, चढलेल्या पाण्याचा. म्हणजे त्यांनी तिला उडी मारायला लावली. मी लगेच बंद केला. नावंसुद्धा वाचली नाहीत. लेकीला हे सांगणार नाही. आपल्याकडे तिचाच चालेल.