घाटासाठी मऊ, सर्किटसाठी कडक

मार्च २१
सगळे आले, आमच्या यांच्या थडग्यावर पाणी घातलं, उदबत्त्या लावल्या, माझ्या हातचं जेवले, गेले. नातीला, कोतोनेला, स्टेशनवर मीच सोडलं. यासुओ म्हणत होता मी सोडतो, पण माझ्या मुलाची गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट. माझी दोन सीटची, छत उघडणारी, लाल.
घाट उतरेपर्यंत पोरगी खुशीत होती. स्टेशनजवळच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी चार शब्द बोलले, तेवढंच. उतरताना म्हणाली, आज्जी, कंबर धरली गं माझी. पुढच्या वेळी बसने येईन.
बाविशीतली पोर आणि कंबर! पण दोष तिचा नाही. सस्पेन्शन दगड आहे. आधीच्या मालकाने शर्यतीचं बसवून ठेवलंय. खड्ड्यातून गेलं की कवळी वाजते.
निश्चय: बदलायचं. हवं तेव्हा मऊ, हवं तेव्हा कडक होणारं घ्यायचं. घाटासाठी मऊ, शर्यतीच्या सर्किटसाठी कडक. ऑगस्टात ओबोनला पितर घरी येतात, तेव्हा कोतोनेही येते. तोवर गाडी तयार पाहिजे. तिला शेजारी बसवून वरच्या तळ्यापर्यंत न्यायचं. लहानपणी मी कोन्न्याकू, म्हणजे कंदाच्या लिबलिबीत वड्या, विकायचे त्या टेम्पोत बसायची तशी. पाण्याच्या बादल्या हिंदकळायच्या आणि ही किंचाळायची, अजून जोरात, आज्जी!

मार्च २५
हागिवाराच्या गॅरेजात. चहा दिला. म्हटलं, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी? हसला. माझ्या बोलण्याचं कुणाला वाईट वाटत नाही.
त्याने तीन तऱ्हा सांगितल्या. एकात गाडीची उंची कमीजास्त करता येते. एकात डायल फिरवून कडकपणा. एकात दोन्ही. मग विचारलं, आजी, रस्त्यावर किती आणि सर्किटवर किती?
निम्मं निम्मं, म्हटलं.
म्हणाला, गेल्या वर्षी सर्किटवर दोनदा गेलात. बाकी मी तुम्हाला कांद्याची पात आणतानाच बघतो.
पातही मी जोरातच आणते, म्हटलं.

मार्च ३०
शास्त्रशुद्ध चाचणी केली. शेजारच्या मासुएला घेऊन घाटात गेले. ती साधी बाई, खरं काय वाटतं ते सांगेल. जुनं सस्पेन्शन किती वाईट हे एकदा पारखून घ्यावं, म्हणजे नवीन घेताना चूक नको.
वरच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. बोलता बोलता मी फक्त एवढंच म्हटलं की तुझ्या लोणच्याबद्दल तुझी सून म्हणते ते खरं आहे. आणि तुझा नवरा देवमाणूस होता, कारण आयुष्यभर तेच लोणचं खाल्लं. मासुए उठली आणि बस स्टॉपवर जाऊन बसली. मी हॉर्न दिला. म्हणाली, तोमे, तू हो पुढे.
म्हणजे बघा. गुडघेदुखीची बाई लाकडी बाकावर बसची वाट बघत राहते पण माझ्या गाडीत बसत नाही. इतकं वाईट सस्पेन्शन.

एप्रिल १२, दुपारी
हागिवाराकडे एका पोराची गाडी आली होती. पूर्ण शर्यतीचं सस्पेन्शन. मी बसून बघितली. पोर म्हणालं, आजी, जपून हं. म्हटलं, जपायचं असतं तर तरुणपणी कामाला होते त्या सिल्कच्या गिरणीतच राहिले असते. एक चक्कर मारली. रस्त्यावरचा एकेक खडा पाठीला मोजता आला. फारच आवडलं.
हेच घेते आणि डायल फिरवून मऊ करते, म्हटलं.
हागिवाराने कपाळाला हात लावला. म्हणाला, आजी, डायलने स्प्रिंग मऊ होत नाही. कडक स्प्रिंग कडकच राहणार. डायल फक्त तिचं नाचणं आवरतो.
दहा वेळा सांगितलं. दहा वेळा मी नाही म्हटलं. अकराव्यांदा मी तेच माझ्या शब्दांत त्याला समजावून सांगितलं, तेव्हा पटलं त्याला.

एप्रिल २८
ठरवलं. मऊ स्प्रिंग, उंचीही बदलणारी, वर डायल. गाडी अगदी जमिनीला टेकव म्हटलं. तो म्हणाला, सरकारी तपासणीत पास होणार नाही, आणि तुमच्या फाटकाच्या उंबऱ्याला पोट घासेल. म्हटलं, माझंही घासतं, मी काही तक्रार करते? शेवटी त्याला हवी तेवढीच उंची ठेवली. मीच सुचवली असं म्हणायला हरकत नाही.

मे ५
यासुओचा फोन. आई, लायसन्स परत दे आता. या वयात सगळे देतात.
म्हटलं, डोकं चालतं का ते बघायच्या परीक्षेत मी पास झालेय. चित्रं दाखवतात, मग आठवायला सांगतात. मला सगळी आठवली. तुला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, तू दे लायसन्स. तुझ्या बायकोलाही सांग, आठवण ठेवणारा नवरा मिळायला नशीब लागतं.
पुढे त्याचा आवाज येईना. आमच्या डोंगरात लाइन फार वाईट.

जून ९
बसलं सस्पेन्शन! घाटात गेले. काय सांगू. ताज्या कोन्न्याकूसारखी गाडी. मऊ, पण पुन्हा जागच्या जागी. आत शांतता. खाली नदीचं पाणी ऐकू आलं. ही गाडी घेऊन आठ वर्षं झाली, नदी इथेच होती म्हणायची.
शेजारच्या सीटकडे बघून मोठ्याने म्हटलं, कसं वाटतंय?
माझा आवाज मला स्पष्ट आला. चाचणीसाठी म्हटलं होतं.

जून २३, सर्किट
आज कडक करून पळवायची होती. हागिवाराने सांगून ठेवलं होतं, डायल आधी पूर्ण आवळायचा आणि तिथून मागे खटके मोजत यायचं. असं कुणी मोजतं का? मी सैल टोकाकडून मोजलं, सरळ माणूस मोजतो तसं. गाडी वळणावर होडीसारखी झुकली. एका पांढऱ्या डबड्याने ओलांडलं, मागे लहान मुलाची सीट बांधलेली होती. मग आणखी एकाने. टायर थंड होते. ऊनही समोरून होतं.
दुपारी सगळे आपापल्या गाडीपाशी घोळक्याने बसले. कुणाची बायको, कुणाचे मित्र. शेजारी दुसऱ्याला बसवून पळवायची वेळ होती. हेल्मेट घातलेली माणसं किंचाळत होती, हसत होती. मुळात त्यासाठीच दुसरं हेल्मेट घेऊन ठेवलंय मी. लहान मापाचं.
मी माझा भाताचा गोळा डावीकडच्या सीटवर बसून खाल्ला. ती सीट आरामाची आहे का बघायचं होतं. आहे.

जुलै २०
मासुएने फाटकातून काकड्या दिल्या आणि आत न येता गेली. म्हटलं, चल फेरी मारू, गाडी आता मऊ आहे. म्हणाली, कामं आहेत. तिला कसली कामं. जुन्या सस्पेन्शनची भीती बसली आहे तिच्या मनात. वेळ लागेल.
निश्चय: ओबोनला कोतोने बसली की फार बोलायचं नाही. म्हणजे मी कधीच बोलत नाही, पण तरीही.

ऑगस्ट १४, संध्याकाळी
कोतोने आली. बसनेच आली, पण घाटात फिरायला चल म्हटल्यावर तयार झाली. डायल बरोबर टोकाकडून मोजून पूर्ण मऊ केला होता. छत उघडलं. ती बसली. पट्टा लावला. आत काकडीसारखा गार वारा.
पहिल्याच वळणावर म्हणाली, आज्जी, काय छान झाली गं गाडी!
इतकी शांत की एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. मग बोलले थोडं. सगळं कामाचं. तू ज्याच्याबरोबर फिरतेस तो पोरगा कसला, नुसता आहे, लग्नाचं काढतच नाही. केसांना हा रंग का, आजारी कोल्ह्यासारखा. नोकरीत बढती कशी मिळेल, आईसारखी मान खाली घालून बसलीस तर. तुझा बाप लहानपणी असाच मुखदुर्बळ होता, मी बोलून बोलून सरळ केला.
ती हं म्हणाली. मग हं पण नाही.
तळ्यापाशी थांबलो. कणसं घेतली. ती तळ्याकडे बघत बसली. म्हणाली, पूर्वी गाडीत तुझं काही ऐकूच यायचं नाही गं. मी नुसती हसायचे आणि मान डोलवायचे.
म्हटलं, हो ना. म्हणूनच तर एवढा खटाटोप केला.
तिने कणीस अर्धंच खाल्लं.

ऑगस्ट १५
कोतोने दोन रात्री राहणार होती. सकाळी म्हणाली, काम निघालंय, जावं लागेल. ओबोनात काम! आजकालच्या ऑफिसांना पितर नाहीत. स्टेशनवर सोडते म्हटलं. टॅक्सी बोलावली होती तिने. टॅक्सीतून हात हलवला. त्या टॅक्सीचं सस्पेन्शन काय लायकीचं असेल, मागून बघूनच कळत होतं.
पितरांना परत पाठवायचा दिवा उद्या एकटीने लावायचा. त्यांना परत जायला वाहन म्हणून वांग्याला काड्यांचे पाय लावून गाय केली. एक पाय आखूड झाला, गाय कलली. हागिवाराला दाखवली असती तर उंची जुळवून दिली असती.
विचार करून निष्कर्ष: गाडी फार मऊ झाली. तरुण माणसाला अशा गाडीत झोप येते, कंटाळा येतो. म्हणूनच गप्प झाली पोरगी. डायल घट्ट करायला हवा.

सप्टेंबर ७
हागिवाराकडे. उंची नीट जुळवायची तर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतात. चालवणारा आत बसतो आणि मग प्रत्येक कोपरा वरखाली करतात. मी आत बसले. तो काट्यांचे आकडे बघत म्हणाला, आजी, शेजारी कुणी बसतं का? बसत असेल तर तेवढ्या वजनाची तांदळाची पोती ठेवतो त्या सीटवर. दोघांच्या हिशोबाने तोलू की एकटीच्या?
मी आरसा नीट केला. आधीच नीट होता.
म्हटलं, कोतोने बसते की. मग म्हटलं, ओबोनला. मग म्हटलं, मासुए बसेल, तिची कामं संपली की.
तो हातात पाना धरून उभा. घाई नव्हती त्याला. मूर्ख माणूस, कधी कधी घाई करावी माणसाने.
म्हटलं, एकटीच्या हिशोबाने तोल. दुसरं माणूस म्हणजे नुसतं वजन. एकटीने गाडी हलकी राहते, वळणात बरी वळते. सर्किटवर त्या पांढऱ्या डबड्याला बघून घेते आता.
त्याने तोलली. खाली वाकून बराच वेळ काम केलं. उठून कंबर सरळ करत म्हणाला, हलकीच हवी असेल तर डावीकडची सीट काढून टाकू? पुष्कळजण काढतात. बरंच वजन कमी होतं.
नको, म्हटलं. पिशवी कुठे ठेवू मग मी.