शेवाळाच्या भुकटीची शास्त्रशुद्ध चाचणी

३ तारीख, सकाळ
माझ्या दोन्ही घोड्या, पांढरी आणि काळी, लंगडतायत. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खूर वाढलेत, नाल वाकडे बसलेत. आत्ताच बदला, नाहीतर काळी कायमची अधू होईल. मी म्हटलं, समुद्री शेवाळाची भुकटी देतो. त्यांनी पुरावा मागितला. सत्तावीस अभिप्राय दाखवले. म्हणे, हे सगळे भुकटी विकणाऱ्याच्याच वेबसाइटवर आहेत. मग काय चपलांच्या दुकानात शोधू?

४ तारीख
पुरावा हवा ना? घ्या! लाल डबा पांढरीला, निळा काळीला. एकात भुकटी मिसळलेला कोंडा, दुसऱ्यात नुसता कोंडा. वासावरून कळू नये म्हणून दोन्हींत पुदिना. कशात काय, ते फक्त बायकोला ठाऊक. चिठ्ठी पाकिटात बंद. तीन आठवडे नालांना हात लावायचा नाही. ती म्हणाली, अहो, मुक्या जनावराचे हाल कशाला? विज्ञान भावनेवर चालत नाही, असं सुनावलं.

९ तारीख
पांढरीचा एक नाल निखळला. नाइलाजाने नालबंदाला बोलावलं. खूर तासून चारही नवे ठोकून गेला. चाचणीशी संबंध नाही.

१४ तारीख
पांढरी दुडक्या चालीने पळतेय! लाल डबा झिंदाबाद. काळी जैसे थे. बिचारी नुसता कोंडा खातेय.

१७ तारीख
लाल डब्यातले दोन चमचे रोज मीही घेतोय. माझा दुखरा गुडघा पिसासारखा हलका. नालबंद म्हणतो, मालक, ही नालांची करामत. आपला तो बाब्या!

२२ तारीख
काळी पाय टेकेना. बायको म्हणाली, आता पुरे. तीन दिवसांसाठी शास्त्र सोडू? डॉक्टरीणबाईंना निकालाचं आमंत्रण धाडलं. येऊ देत, ऐकू देत.

२५ तारीख, दुपारी चार
सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. चिठ्ठी मीच खणखणीत आवाजात वाचली. भुकटी निळ्या डब्यात.

म्हणजे पांढरीने नुसता कोंडा खाल्ला. मीही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर भांडता आलं असतं. डॉक्टरीणबाई काळीच्या खुराशी बसल्या. पुन्हा पळेल का, विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या. मी ठणकावलं, दोन घोड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही! त्या म्हणाल्या, हे तीन तारखेला म्हणायचं होतं. नालबंद म्हणाला, मालक, भाषण राहू द्या, मी नाल काढतो, तुम्ही तिचं डोकं धरा.

धरलं. काळीने मान माझ्या खांद्यावर टाकली. हे कुणामुळे झालं, ते तिला अजून कुणी सांगितलं नसावं.