बारोलोले पट्ट्याचा वास येतो

बाबा, मी इटलीची वाईन शिकून राहिलो. पिऊन नाही, शिकून. गोव्यात ज्या हॉटेलात वेटर आहे तिथंच दर मंगळवारी दुपारी वर्ग भरतो, शेवटी परीक्षा. आठवीत शाळा सोडलेला तुमचा पोट्टा इंग्रजीत तिथले डोंगर, नद्या, द्राक्षांच्या जाती पाठ करतो. वाईन तोंडात घोळवायची अन् भांड्यात थुंकायची, गिळायची नाही. म्हणजे दारूले न शिवण्याचं तुमचं पाचवं शील अजून शाबूत आहे.

लोकांचे बाप पिऊन मारत, तुम्ही शुद्धीत मारलं. रायपुरात, पंडरी भागातल्या एका रेस्टॉरंटात मी पेले धुवायचो तेव्हाची गोष्ट. पार्टीतल्या एका बाटलीच्या तळाशी लाल वाईन उरली होती. हुंगली, मग चाखली. इतकं चांगलं काही माझ्या नाकात कधी गेलं नव्हतं. घरी आलो तर तुम्ही जबडा धरून तोंडाचा वास घेतला अन् कमरेचा पट्टा काढला. "पाचवं शील म्हण." मले मधूनच म्हणता येत नव्हतं, बाबा. विहारात सगळे पहिल्यापासून म्हणतात, तसंच तोंडात बसलेलं. मी हात जोडले अन् पहिलंच सुरू केलं, जीवहिंसा न करण्याचं. तुम्हाले वाटलं, टोमणा मारून राहिला. "बापाले शिकवतो?" पट्टा उलटा धरला, बक्कल पुढं. भुवई फाटली, एक दात गेला. आई मध्ये आली तर तिच्या मनगटावर बसला. ती म्हणते, "अहो, मरून जाईल तो." तुम्ही म्हणता, "मरू दे." मी रक्त गिळत पाचव्यापर्यंत पोहोचलो तेव्हा तुम्ही थांबले. पुढच्याच आठवड्यात मी रायपूर सोडलं. तुम्ही वारले तेव्हा निरोप मिळाला होता. मुद्दाम आलो नाही.

गेल्या मंगळवारी वर्ग घेणाऱ्या मॅडमनी बारोलो ओतली, इटलीतली मोठ्या मानाची वाईन. मले विचारलं, कशाचा वास येतो? पेल्यात नाक घातलं अन् माझी मान आपोआप खांद्यात गेली. म्हणालो, "डांबर. अन् चामड्याचा पट्टा, घामेजलेला." मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर. बाजूले हॉटेलचं कॉलेज केलेला एक पोट्टा बसतो. तो हसला, "क्यों भैया, बेल्ट चाटके बड़े हुए क्या?" माझी मूठ त्याच्या नाकावर बसली. परत बसली. त्यानं तोंड झाकलं तर मी त्याचे हात ओढून बाजूले केले, तुम्ही माझे करत तसे, अन् अजून मारलं. पांढऱ्या टेबलावर वाईन कोणती अन् रक्त कोणतं, कळत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत त्याले लेखी माफी दे, नाहीतर परीक्षेले बसू देणार नाही. या परीक्षेइतकं मले काहीच पाहिजे नव्हतं कधी. तीन कागद फाडले. माफी कशी मागतात हे आपल्या घरात कोणी दाखवलंच नाही. चौथ्या कागदावर हात "बाबा" लिहून गेला. हा कुठंच जाणार नाही. पाचवा घेईन, त्यावर त्या पोट्ट्याचं नाव घालीन अन् लिहीन की मले वाईट वाटलं.

वाटते, आता वाटते. पण त्याचं नाक मोडल्याचा आवाज आला तेव्हा मले बरं वाटलं होतं. लय बरं. तुम्हालेही वाटे का?