मेंदूत जाणारं सोनं

३ जानेवारी, ताडकळस
गाइड म्हणाले, हरिओम, लॅबमध्ये सध्या तुमचं काही काम नाही, घरी बसून पीएचडीचं पहिलं प्रकरण लिहा. एवढा विश्वास कोणावर टाकत नाहीत. विषय: मेंदूपर्यंत औषध नेणारे सोन्याचे नॅनोकण. महिनाभरात प्रकरण हातावेगळं.

४ जानेवारी
शेजारचे सटवाजीमामा आले. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली, आता कंपवातानं कप धरवत नाही. समजावून सांगितलं: मेंदूला पहारा असतो, औषधं दारातच अडवतात, सोन्याचा बारीक कण मात्र थेट आत. मामा थक्क. (त्यांच्या परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्या आत जातात म्हणा. पण एवढ्या खोलात शिरलो नाही. समोरच्याची पातळी बघावी लागते.)

७ जानेवारी
कासामामी सांगत होत्या, मामांनी गोळ्या बंद केल्या. "दारातूनच माघारी यायल्यात तर कशाला खायच्या, म्हनले." अर्धवट ऐकतात लोक. उद्या स्पष्ट सांगतो.

९ जानेवारी, दुपारी
सांगायलाच गेलो होतो. आधी चहा आला. मग मामींनी डोरल्याचे मणी पुडीत बांधून हातात दिले. त्यांच्या सासऱ्यांनी वैद्याला असंच सोनं देऊन भस्म करून घेतलं होतं म्हणे. नको म्हणालो. अगदी ठामपणे, एकदा. आमचं काम अजून उंदरांपर्यंतही गेलेलं नाही, हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मामा घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या हरिओमनं लय मोठा शोध लावलाय." मोडता घालणं बरं दिसलं नसतं.

१२ जानेवारी
घरातच आहे. बस स्टँडची वाट मामांच्या दारावरून जाते. दिसलो की हात पुढं करून विचारतात, "झालं का रं तयार?" म्हणून बाहेर पडत नाही. लिखाणाला बरंच. प्रकरणाचं शीर्षक जवळपास ठरलंय.

१६ जानेवारी, सकाळी
मामा तोल जाऊन ओट्यावरून पडले. गुडघा फुटला. भीती वाटली. आज पुडी परत देणार आणि गोळ्या सुरू करा म्हणून सांगणार. काय व्हायचं ते होवो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गेलो. पुडी पुढं ठेवली. "संशोधन प्राथमिक अवस्थेत आहे," म्हणालो. याहून सोपं काही सुचेना. मामी पुडीकडे बघत राहिल्या. "कमी पडलं व्हय, बाबा?" म्हणाल्या आणि कानातलं फूल काढायला लागल्या. फिरकी निघेना. मामा मदतीला सरसावले, त्यांचा हात थांबेना. शेवटी मला म्हणाले, "तुजा हात थिर हाय. तूच काढ."
काढलं. स्वतःची शरम वाटली, तरी काढलं.
माझ्याकडे आता दोन पुड्या आहेत. गोळ्यांचं बोलायचं राहिलं.